स्मॉलटॉक-८० आर्म वर्कस्टेशनवर चढवताना

स्मॉलटॉक-८० ही झेरॉक्सची प्रोग्रॅमिंग भाषा नव्या यंत्रावर न्यायची म्हणजे प्रत्यक्षात भाषा न्यायचीच नसते. तिचा कंपायलर, ब्राउझर, डीबगर, विंडो, मजकूर मांडणारा कोड हे सगळे स्मॉलटॉकमध्येच लिहिलेले आहे आणि चालू अवस्थेतल्या ऑब्जेक्टांसकट इमेज नावाच्या एकाच फाइलमध्ये साठवलेले असते. ही फाइल एका मेगाबाइटपेक्षाही लहान आहे. आपण लिहायची ती खालची व्हर्च्युअल मशीन (व्हीएम), म्हणजे बाइटकोडचा (कंपायलरने मेथडपासून बनवलेल्या यंत्रनिरपेक्ष आज्ञांचा) इंटरप्रिटर, ऑब्जेक्ट मेमरी आणि प्रिमिटिव्ह (स्मॉलटॉकमधून बोलावता येणारी, व्हीएमच्या आत लिहिलेली कामे). ती बरोबर लिहिली तर इमेज उघडते आणि झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात १९८३ साली होता तसा पडदा समोर येतो. थोडीशी चुकली तर बहुतेक वेळा काहीच दिसत नाही.

झेरॉक्सने ही प्रणाली बाहेर द्यायचे ठरवले तेव्हा अ‍ॅपल, डीईसी, एचपी आणि टेक्ट्रॉनिक्स या चार कंपन्यांनी आपापल्या यंत्रांवर ती उभी करून पाहिली. व्हर्च्युअल मशीनचे संपूर्ण वर्णन अ‍ॅडेल गोल्डबर्ग आणि डेव्हिड रॉबसन यांच्या १९८३च्या पुस्तकात आहे. या क्षेत्रातले लोक त्याला निळे पुस्तक म्हणतात. त्यातला इंटरप्रिटरही स्मॉलटॉकमध्येच लिहून दाखवला आहे, त्यामुळे सीमध्ये उतरवताना अर्थाबद्दल फारशी शंका राहत नाही. आम्हाला हे सगळे लिनक्स चालवणाऱ्या ६४-बिट आर्म वर्कस्टेशनवर हवे होते. इंटरप्रिटर आणि मेमरी पुस्तकावरून नव्याने लिहिली. इनपुट, डिस्प्ले आणि फ्लोटची प्रिमिटिव्ह एक्स८६वर चालत असलेल्या जुन्या सी कोडमधून उचलली. सगळ्यात चिवट दोष निघाले ते या उचललेल्या भागात, आणि पुस्तकात त्यांच्याबद्दल अवाक्षर नाही.

सुरुवात इमेज वाचण्यापासून. फाइलच्या पहिल्या दोन ३२-बिट आकड्यांत ऑब्जेक्टांच्या जागेची आणि ऑब्जेक्ट टेबलची लांबी असते, तीही बाइटमध्ये नव्हे तर १६-बिट शब्दांत. ऑब्जेक्ट ५१२व्या बाइटपासून सुरू होतात, टेबल फाइलच्या शेवटी असते. सगळे बिग-एंडियन (शब्दाचा वजनदार बाइट आधी) आहे आणि आपले यंत्र लिटल-एंडियन (हलका बाइट आधी). येथे दोन वाटा फुटतात. पॉइंटर असलेले ऑब्जेक्ट तेवढे उलटवायचे आणि बाइटवाले तसेच ठेवायचे ही पहिली. ती कंपाइल्ड मेथडपाशी अडते, कारण तिचा पुढचा भाग, म्हणजे हेडर आणि लिटरल (कोडमधली स्थिर मूल्ये), शब्दांचा असतो आणि मागचा बाइटकोडचा. त्यापेक्षा प्रत्येक १६-बिट शब्द डोळे झाकून उलटवावा आणि बाइट वाचताना क्रमांकाचा शेवटचा बिट पालटावा. सम क्रमांकाचा बाइट शब्दाच्या वरच्या अर्ध्यात, विषम खालच्या अर्ध्यात. ही युक्ती बाइट वाचण्या-लिहिण्याच्या दोन फंक्शनांत बंद करून टाकली की झाले. फक्त स्मॉलटॉकची स्ट्रिंग थेट सीच्या स्ट्रिंगसारखी कुठेही वापरायची नाही. फाइलचे नाव उघडताना हा नियम मोडला तर शेजारशेजारची अक्षरे आपापसात बदललेली दिसतात आणि फाइल सापडत नाही.

इमेज एमएमॅपने थेट मेमरीत जोडायचा मोह टाळावा. ५१२चा ऑफसेट कुठल्याच पेजच्या सीमेवर बसत नाही, शिवाय आर्म लिनक्सवर पेज ४ किलोबाइटचेच असेल याची खात्री नाही. ६४ किलोबाइटच्या पेजचे कर्नलही असतात. सरळ वाचून घ्यावे, फाइल आहेच केवढी.

ऑब्जेक्ट पॉइंटर १६ बिटांचा. शेवटचा बिट १ असेल तर तो ऑब्जेक्ट नसून पूर्णांक आहे, −१६३८४ ते १६३८३ या मर्यादेतला. बिट ० असेल तर टेबलमधली नोंद. म्हणजे एकूण ऑब्जेक्ट जास्तीत जास्त ३२,७६८. प्रत्येक नोंद दोन शब्दांची: पहिल्यात आठ बिटांची संदर्भसंख्या (त्या ऑब्जेक्टकडे किती पॉइंटर आहेत ते), बाइटची लांबी विषम असल्याची खूण, पॉइंटर असल्याची खूण, नोंद रिकामी असल्याची खूण आणि चार बिटांचा सेगमेंट क्रमांक. दुसऱ्यात त्या सेगमेंटमधला पत्ता. १६ सेगमेंट, प्रत्येकात ६५,५३६ शब्द, एकूण २ मेगाबाइट. त्यातला एक पूर्ण सेगमेंट टेबलच खाऊन टाकते. विषम लांबीची खूण वाचायची राहिली तर दिसायला काही बिघडत नाही, पण विषम लांबीच्या प्रत्येक स्ट्रिंगच्या शेवटी एक फालतू बाइट चिकटतो आणि मेथडच्या मागच्या टोकापासून मोजायच्या गोष्टी एका घराने सरकतात. त्याचे परिणाम फार पुढे कळतात.

आजच्या यंत्रावर १६ बिटांत कशाला अडकायचे, लोड करतानाच सगळे पॉइंटर ६४ बिटांचे करू, हा विचार प्रत्येकाच्या मनात येतो. तो पहिल्या खेपेला करू नये. ऑब्जेक्टचा हॅश म्हणजे त्याचा पॉइंटरच, एका बिटाने उजवीकडे सरकवलेला. सिम्बॉल, सेट, मेथड डिक्शनरी सगळ्यांची घरे त्या आकड्यावरून ठरलेली असतात. पॉइंटर बदलले की मेसेज शोधणारा कोड चुकीच्या घरात पाहतो आणि पहिल्याच सेंडला (मेसेज पाठवताना) मेथड सापडत नाही. ज्यांना रुंद पॉइंटर हवेच आहेत त्यांनी जुना आकडा हेडरमध्ये हॅश म्हणून जपून ठेवावा. ऑब्जेक्ट टेबल ठेवल्याचा आणखी एक फायदा असा की दोन ऑब्जेक्टांची ओळख अदलाबदल करणारे बिकम हे प्रिमिटिव्ह टेबलमधल्या दोन नोंदी बदलून संपते.

मेमरी परत मिळवण्यासाठी पुस्तकात दोन्ही पद्धती दिल्या आहेत: संदर्भ मोजणे, आणि चक्रात अडकलेल्यांसाठी मार्क-स्वीप, म्हणजे पोहोचता येणाऱ्यांवर खूण करून बाकीचे मोकळे करणे. आमचे मत असे झाले की पहिल्या उभारणीत मोजणी सोडूनच द्यावी. एका जागी एक वाढवायचे राहिले की जिवंत ऑब्जेक्ट मोकळा होतो, त्याची नोंद दुसऱ्याला मिळते आणि बिघाड तिसरीकडेच दिसतो. नुसत्या मार्क-स्वीपवर भार मात्र वाढतो. इमेजमधल्याच ऑब्जेक्टांनी निम्म्याहून जास्त टेबल भरलेले असते आणि साध्या मेथडचा प्रत्येक सेंड एक नवे कॉन्टेक्स्ट (चालू मेथडची अवस्था ठेवणारा ऑब्जेक्ट) मागतो, लहान असेल तर १८ घरांचे, मोठे असेल तर ३८. म्हणून सफाई सारखी धावते. इतक्या छोट्या मेमरीवर आजच्या प्रोसेसरला ती जाणवतही नाही.

पण मग तीन ठिकाणी काळजी घ्यावी लागते. एक म्हणजे सीच्या चलात धरलेले, अजून कुठे जोडले न गेलेले ऑब्जेक्ट. मेसेज समजला नाही तर इंटरप्रिटर आधी आर्ग्युमेंटांचा अ‍ॅरे बनवतो आणि नंतर मेसेज ऑब्जेक्ट. दुसरे मागताना सफाई झाली तर पहिला अ‍ॅरे गेलाच, कारण त्याच्याकडे कोणीच बोट दाखवत नसते. असे सगळे तात्पुरते पॉइंटर मुळांच्या यादीत ढकलावे लागतात. हा दोष पकडायचा तर चाचणीपुरती प्रत्येक वाटपाला सफाई करायची. कासवगतीने चालते, पण लपलेला दोष पहिल्या काही सेकंदांत बाहेर येतो. दुसरे ठिकाण मेथड कॅशचे, म्हणजे नुकत्याच सापडलेल्या मेथडच्या तक्त्याचे. पुस्तकातली कॅश १०२४ शब्दांची, चार शब्दांच्या २५६ नोंदींची आहे. मोकळा झालेला पॉइंटर पुन्हा वापरात आला की जुनी नोंद नव्या क्लासला लागू पडते, म्हणून प्रत्येक सफाईनंतर कॅश पुसायची. जाता जाता, पुस्तकात नोंदीचा क्रमांक सिलेक्टर (मेसेजचे नाव) आणि क्लास यांच्या अँडने काढला आहे. अँडने शून्ये जास्त येतात आणि गर्दी ठरावीक घरांत होते. त्याऐवजी एक्सॉर वापरले की टक्कर उघडपणे कमी होते. तिसरे, मेमरी संपत आल्याचा इशारा देणारा सेमाफोर. मोजणी नसताना सफाईच्या आधी मोकळ्या नोंदी नेहमीच तळाला जातात, तेव्हा ही तपासणी सफाईनंतरच करायची. नाहीतर मेमरी भरपूर असूनही इशारे येत राहतात.

इंटरप्रिटर लिहिणे हा यातला सगळ्यात निवांत भाग. २५६ बाइटकोड, एक मोठा स्विच, संपले. इमेजसोबत झेरॉक्सने ट्रेस फाइलीही दिल्या होत्या. एकीत पहिले काही बाइटकोड ओळीने छापले आहेत, दुसरीत फक्त सेंड आणि रिटर्न असल्यामुळे ती पुढे लांबवर जाते. आपल्या व्हीएमने त्याच धाटणीत ट्रेस छापायचा आणि दोन्ही डिफमधून काढायचे. पहिला फरक जिथे दिसेल तिथे किंवा त्याच्या जरा आधी दोष. डिस्प्लेचा कोड लिहिण्यापूर्वीच हे जुळवून घ्यावे, आणि या काळात घड्याळाची प्रिमिटिव्ह ठरावीक उत्तर देणारी ठेवावी, म्हणजे वेळेमुळे वाट बदलत नाही.

वेळ वाचवणारी दुसरी गोष्ट म्हणजे ऐच्छिक प्रिमिटिव्ह. मोठ्या पूर्णांकांची २१ ते ३७, अक्षरे मोजणारे १०३, रेषा काढणारे १०४ ही सुरुवातीला सरळ नापास होऊ द्यावीत. नापास झाले की खाली लिहिलेला स्मॉलटॉक कोड तेच काम हळू करतो. आधी हळू आणि बरोबर चालू द्यायचे, मग एकेक जलद करायचे. नव्या प्रिमिटिव्हचे उत्तर ताडून पाहायला स्मॉलटॉकमधला कोड आयता असतोच.

आता आर्मचे स्वतःचे मुद्दे. लिनक्सवर आर्मच्या सी कंपायलरमध्ये साधा कॅर (एका बाइटचा पूर्णांक प्रकार) बिनचिन्ही असतो, एक्स८६वर चिन्हासकट. १६० ते १६७ हे लांब उडीचे बाइटकोड आहेत. शेवटच्या तीन बिटांतून ४ वजा करायचे, २५६ने गुणायचे, पुढचा बाइट मिळवायचा. वजाबाकीचे उत्तर कॅरमध्ये ठेवले तर −१चे २५५ होतात आणि मागे जाणारी उडी मेथडच्या बाहेर कुठेतरी पुढे जाते. सगळे व्हाइल लूप मागच्या उडीवर चालतात, म्हणून हे लगेच कोसळते आणि लगेच सापडते. कंपायलरला कॅर चिन्हासकट धरायला सांगणारा पर्याय देता येतो, पण त्याने दोष झाकला जातो. कोडमधून साधा कॅर काढून नेमक्या रुंदीचे प्रकार वापरणे बरे.

पूर्णांकाला शून्याने भागले तर एक्स८६ सिग्नल देतो. आर्म काहीही न बोलता शून्य उत्तर देतो. तो सिग्नल पकडून प्रिमिटिव्ह नापास करणारा जुना कोड आर्मवर निमूटपणे खोटे उत्तर देऊ लागतो. भाजक आधी तपासायचा, दुसरा उपाय नाही. भागाकाराचा आणखी एक भाग यंत्राशी नव्हे, सीशी निगडित आहे. सी शून्याकडे छाटते, स्मॉलटॉकचा // खाली उतरतो. −७ // २ म्हणजे −४ आणि −७ \\ २ म्हणजे १. सीचे उत्तर −३ आणि −१ येते.

फ्लोटचे पूर्णांकात रूपांतर करणारे प्रिमिटिव्ह ५१ याहून फसवे. जुना कोड आधी रूपांतर करायचा आणि मग उत्तर मर्यादेत आहे का पाहायचा. एक्स८६वर नॅन (संख्याच नसलेली किंमत) किंवा फार मोठी संख्या आली की सगळ्यात लहान ऋण पूर्णांक मिळतो, तो मर्यादेबाहेर पडतो आणि प्रिमिटिव्ह बिनबोभाट नापास होते. आर्मवर मोठी संख्या टोकाच्या किमतीला जाऊन थांबते, ती तपासणीत अडकते. पण नॅनचे शून्य होते, आणि शून्य तर मर्यादेत अगदी मजेत बसते. म्हणून तपासणी फ्लोटवरच, रूपांतराच्या आधी.

सर्वांत जास्त त्रास इनपुटने दिला, आणि तोच भाग एक्स८६वर अगदी निर्दोष चालायचा. माउस आणि कीबोर्डची प्रत्येक घटना १६-बिट शब्दांत येते. वरचे चार बिट प्रकार सांगतात: ० मागच्या घटनेपासूनचा वेळ, १ क्ष, २ य, ३ कळ दाबली, ४ सोडली, ५ निरपेक्ष वेळ. उरलेले १२ बिट किंमत. माउसची तीन बटणे १२८, १२९, १३० या क्रमांकांनी कळींसारखीच येतात. जुन्या कोडमध्ये एक थ्रेड हे शब्द वर्तुळाकार बफरमध्ये टाकत होता, निर्देशांक एकाने पुढे सरकवत होता आणि इंटरप्रिटरचा थ्रेड तो निर्देशांक पाहून शब्द उचलत होता. चलांवर फक्त व्होलटाइल होते. एक्स८६ एका कोअरने केलेली लेखने दुसऱ्याला त्याच क्रमाने दाखवतो, म्हणून हे खपत होते. आर्म तसे वचन देत नाही. निर्देशांक पुढे गेलेला दिसतो, पण बफरमध्ये अजून मागच्या फेरीतला शब्द असतो. लक्षणे विचित्र: माउस अधूनमधून जुन्या जागी उडी मारतो, बटण सोडल्याची घटना हरवून मेनू उघडाच राहतो, आणि डीबगर लावला की सगळे सुरळीत. उपाय दोन ओळींचा: निर्देशांक सी११चा अ‍ॅटॉमिक करायचा, लिहिताना रिलीज, वाचताना अ‍ॅक्वायर. सेमाफोरला बाहेरून सिग्नल देण्याच्या यादीलाही तेच लावायचे. व्होलटाइलने थ्रेडमधला क्रम राखला जातो ही समजूत किती जुन्या कोडमध्ये रुतून बसली आहे हे आर्मवर गेल्याशिवाय कळत नाही.

बिटब्लिटचे, म्हणजे पडद्यावर चौकोनी तुकडे उमटवणाऱ्या प्रिमिटिव्हचे, वर्णन पुस्तकात पूर्ण आहे: १६ नियम, १६ बाय १६चा हाफटोन (ठिपक्यांचा नमुना), एकावर एक येणाऱ्या चौकोनांसाठी उलटी दिशा. सीमध्ये उतरवताना एक खोच आहे. बिनचिन्ही १६-बिट शब्दाचा पूरक काढला की सी त्याला आधी ३२-बिट पूर्णांक करते, वरचे १६ बिट एक होतात आणि नंतर उजवीकडे सरकवले की ते खाली उतरतात. पडद्यावर चौकोनांच्या डाव्या कडेला काळे उभे पट्टे दिसले तर प्रत्येक पूरकानंतर १६ बिटांचा मास्क लावला आहे का ते पाहावे. स्रोताच्या शेवटच्या ओळीनंतर एक शब्द जास्त वाचला जाण्याची शक्यताही असते. मेमरीत सीमा तपासणी ठेवली असेल तर ती इथे ओरडते. वाचलेला शब्द मास्कने गळून पडतो, म्हणून तेवढ्या जागी शून्य देऊन पुढे जावे.

पडद्याचा आकार वाढवताना १६ बिट पुन्हा आडवे येतात. एक ऑब्जेक्ट एका सेगमेंटमध्येच मावायला हवा, आणि सेगमेंटच्या शेवटी मोकळ्या तुकड्यांच्या याद्यांना २१ शब्द राखलेले असतात. एका बिटाला एक पिक्सेल धरला तर ११५२ बाय ९०० म्हणजे ६४,८०० शब्द, जेमतेम बसतो. १०२४ बाय १०२४ला ६५,५३६ शब्द लागतात, तो बसत नाही. आणि ११५२ बाय ९००साठीही जवळजवळ संपूर्ण रिकामा सेगमेंट लागतो, तेव्हा आकार इमेज उघडल्या उघडल्या बदलावा, तासभर काम करून नव्हे. आजच्या दाट मॉनिटरवर हे पिक्सेल बारीक दिसतात. मोठे करताना दोनपट, तीनपट असेच करावे. दीडपट केले की करड्या हाफटोनवर लाटा उमटतात. एसडीएल या ग्राफिक्स लायब्ररीला दर वेळी पूर्ण पडदा देण्याची गरज नाही. बिटब्लिटचे गंतव्य डिस्प्ले असेल तेव्हा बदललेला चौकोन टिपून तेवढाच ३२-बिट रंगांत उलगडायचा.

इमेजमधला विंडोचा नियंत्रक माउसची अवस्था सतत विचारत फिरतो, त्यामुळे काही न करताही एक कोअर पूर्ण तापलेला राहतो. पडद्याच्या प्रत्येक रिफ्रेशमागे ठरावीक बाइटकोड चालवायचे आणि उरलेला वेळ झोपायचे, एवढे पुरते.

सोर्स फाइली कोणत्याही एडिटरमध्ये उघडून साठवू नयेत. प्रत्येक मेथडच्या शेवटच्या तीन बाइटांत तिचा मजकूर कुठे आहे ते असते: दोन बिट फाइलचे, २२ बिट जागेचे. ओळीचा शेवट १३ क्रमांकाच्या बाइटने होतो. एडिटरने त्याचे दोन बाइट केले की पहिल्या ओळीनंतरच्या सगळ्या जागा सरकतात आणि ब्राउझरमध्ये मेथडच्या नावाखाली भलत्याच मेथडचा अर्धा तुकडा दिसतो. रिपॉझिटरीत या फाइली बायनरी म्हणून नोंदवाव्यात. अंडरस्कोर दाबला की डावा बाण उमटतो, तो मात्र दोष नाही. त्या फाँटमध्ये ९५व्या जागी बाणच आहे, आणि असाइनमेंट त्यानेच होते.

घड्याळ १ जानेवारी १९०१पासूनचे सेकंद मागते आणि चार बाइटांत, सगळ्यात हलका बाइट आधी. उरलेल्या प्रणालीच्या नेमके उलट. युनिक्सच्या सेकंदांत २,१७७,४५२,८०० मिळवायचे. बेरीज आज ३२ बिटांत मावते, पण बिनचिन्ही प्रकारातच.

वेग हवा असेल तर पुढची पायरी म्हणजे बाइटकोडचे चालू असतानाच यंत्रकोडमध्ये भाषांतर करणे. पीटर डॉइच आणि अ‍ॅलन शिफमन यांनी १९८४मध्ये ते करून दाखवले होते. आर्मवर त्यात एक वेगळी अट येते. लिहिलेला कोड डेटा कॅशमध्ये असतो आणि इन्स्ट्रक्शन कॅशला तो आपोआप कळत नाही. कोड लिहून झाला की त्या पट्ट्यापुरती कॅश साफ करणारे कंपायलरचे फंक्शन बोलवायलाच हवे. एक्स८६वर ते विसरले तरी चालते, इथे कधी जुनी आज्ञा चालते, कधी नवी.

स्नॅपशॉट, म्हणजे चालू अवस्था इमेजमध्ये परत साठवणे, सर्वांत शेवटी. इंटरप्रिटरने सीच्या चलांत धरलेले इन्स्ट्रक्शन आणि स्टॅक पॉइंटर आधी चालू कॉन्टेक्स्टमध्ये परत लिहायचे, ते कॉन्टेक्स्ट चालू प्रोसेसच्या थांबलेल्या कॉन्टेक्स्टच्या घरात ठेवायचे, सफाई करायची, मग फाइल. लोड होताना इंटरप्रिटर तिथूनच उठतो. शब्द पुन्हा बिग-एंडियन करून लिहायचे आणि संदर्भसंख्येची घरे खऱ्या मोजणीने भरून द्यायची, नाहीतर मोजणी वापरणारी दुसरी व्हीएम ती इमेज उघडताच ऑब्जेक्ट मोकळे करत सुटेल. तपासण्याची आमची रीत अशी: आर्मवर स्नॅपशॉट घ्यायचा, तो एक्स८६वर उघडायचा, तिथे एक क्लास पूर्ण पुन्हा कंपाइल करायचा, तिथला स्नॅपशॉट परत आर्मवर आणायचा आणि त्या क्लासच्या मेथडचे बाइटकोड मूळ इमेजमधल्या बाइटकोडशी ताडायचे. शेवटचे तीन बाइट वेगळे येतात, कारण मजकुराची जागा बदललेली असते. बाकी एकही बाइट बदलता कामा नये.